मेडलच्या कडेवरचं नाव

मी मिलिटरी नर्सिंगमधली. चोवीस वर्षं, सात पोस्टिंग, मेजर म्हणून रिटायर. आता सहा महिने लेकीकडे, आयर्लंडात, नावन नावाच्या गावी. पाचला जाग, सहाला चहा. सवय सुटत नाही. अंगात मात्र काही उरलेलं नाही बघा.

मार्चातल्या एका शनिवारी सकाळी दहाला शेजारचा शेमस ब्रेनन आला. वय ऐंशी. रुमालात चांदीचं मेडल. त्याचा पणजोबा इंग्रजांच्या फौजेत, अफगाण मोहिमेत होता. मेडलच्या एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला चक्क तोफ वाहणारा हत्ती! इथं इंग्रजांची चाकरी म्हणजे लाज, म्हणून घरच्यांनी ते कपाटात दडवलेलं. उद्या तो ते घेऊन पणजोबाच्या थडग्यावर जाणार होता. पहिल्यांदाच.

"मेजर, जरा चमकवा. तुम्ही फौजी माणूस."

परेडच्या आधी घासतो तसं टूथपेस्टनं घासलं. पुसलं, आणि मग आठवलं. अशा मेडलच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. अक्षरं झिजलेली, त्यातल्या मळामुळेच ती दिसत असणार. तो मळ मीच काढला. शेमसला तसं सांगितलं.

"कडेला नाव होतं? मी कधी पाहिलंच नाही," शेमस म्हणाला. "गेलं?"

"थांबा."

मी कणकेचा डबा उघडला.

"आई, पोळ्यांचं पीठ आहे ते!" लेक ओरडली.

"तू गप गं."

चिमूटभर कणीक कडेवर चोळली, फुंकर मारली, खिडकीशी तिरकं धरलं. पांढरी अक्षरं उठली. वॉर्डात जवान गेला की त्याच्या वस्तूवरचं नाव दोघांनी मोठ्यानं वाचायचं, असा आमचा नियम. मी वाचलं, "प्रायव्हेट टी. डोलन." प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई.

शेमसनं चष्मा पुसला. वाचलं. "डोलन? आम्ही तर ब्रेनन." तो खुर्चीत बसला. "म्हणजे म्हातारा लढलाच नाही? नुसत्या थापा?"

"घरात काय सांगायचे?"

"आजी म्हणायची, त्यानं मेडल विकून दारू प्यायली. हे सापडलं तेव्हा वाटलं, आजीच खोटं बोलली."

मी त्याला राणी दाखवली. "हिचं नाक बघा, पार गेलंय. नुसतं कपाटात पडून नाक जात नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं घासलंय. रिटायर झाल्यापासून मी माझी मेडलं एकदाही घासली नाहीत. स्वतःसाठी कोण एवढं घासतो?"

त्यानं राणीच्या नाकावरून अंगठा फिरवला.

"आजी खरंच बोलली, शेमस. स्वतःचं त्यानं विकलं. सोबत्याचं, या डोलनचं, नाही विकलं."

रविवारी अकराला आम्ही दोघं दफनभूमीत उभे. वारा बोचरा. शेमसनं मेडल कोटाला लावलं नाही, मुठीत धरलं. आधी डोलनचं नाव घेतलं, मग पणजोबाचं. मग माझ्याकडे वळला. "तुमचं कोण, मेजर?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं.

"नाईक दत्ता घोरपडे," मी म्हणाले. "वय तेवीस. पहाटे चार दहाला गेला. हात माझ्या हातात होता."

शेमसनं ते नाव आपल्या आयरिश जिभेनं उच्चारलं. अडखळला, पण पूर्ण घेतलं.