सहाच नावांची यादी

मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, क्रीम-लोशनच्या काउंटरमागे ती एकोणीस वर्षं उभी होती. सगळे तिला भिंग म्हणायचे, कारण एप्रनच्या खिशात तिच्याकडे कायम एक भिंग असायचं. डबीवरची बारीक अक्षरं ती त्यातून वाचायची आणि गिऱ्हाइकाला खरं ते सांगून मोकळी व्हायची.

“मोत्यांचं क्रीम हवंय? आधी यादी बघा. जे जास्त ते आधी लिहितात. पाणी पहिलं, तेल दुसरं, आणि मोती कुठे? पार तळाला. मोती नुसता डबीला दाखवून आणलाय. त्यापेक्षा ही शेजारची स्वस्तातली घ्या, माल तोच आहे.”

मॅनेजर कपाळावर हात मारायचा. “बाई, तू विकायला उभी आहेस की पंचनामा करायला?”

बाळंतपणानंतर धाकट्या बहिणीच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. ती हॉटेलात दारासमोरच्या स्वागताच्या टेबलाशी बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हसून बोलायची. तिथे चेहरा म्हणजे अर्धी नोकरी, आणि साहेब आडून आडून बोलायला लागले होते. “ताई, काहीतरी बघ ना गं.”

भिंगने अकरा डब्या घरी आणल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहीत अकरा याद्या शेजारी शेजारी उतरवल्या आणि एकेक बाद करत गेली. सुगंध लिहिलेल्या सगळ्या गेल्या. शब्द एक, पण आत कोण कोण दडलंय देव जाणे. जहाल त्या गेल्या. शेवटी एका नव्या कंपनीची पांढरी डबी उरली. पाणी, ग्लिसरीन, बदामाचं तेल, मेण, एक व्हिटॅमिन आणि माल टिकवायचं औषध. सहाच नावं! इतकी स्वच्छ यादी तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

“तू वाचलंयस ना?” धाकटीने विचारलं.

“शब्दन् शब्द.”

“मग झालं.”

तीन आठवड्यांत डाग गेले. धाकटी आरशासमोरून हलेना आणि भिंगला आकाश ठेंगणं झालं. इथे भिंगचा राग येतो. बदामाच्या तेलाने तीन आठवड्यांत वांग जात नाही, हे ती रोज काउंटरवर दहा जणींना ऐकवायची. घरात मात्र तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

सात महिन्यांत गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. आतल्या लाल शिरा दिसू लागल्या. चहाची वाफ लागली तरी आग व्हायची आणि एक दिवस क्रीम चुकलं की चेहरा सुजून यायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला, डबी हुंगली, यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “यात स्टिरॉइड असणार. डाग झटपट घालवतं आणि मग कातडी खातं. तपासून घेऊ. असे चेहरे रोज येतात माझ्याकडे.”

“पण यादीत नाहीये!” भिंग म्हणाली.

“बाई, मिसळणारा ते छापेल कशाला?” मग त्यांनी विचारलं, “कुणी दिलं हे?”

“मीच आणलं दुकानातून,” धाकटी म्हणाली. शेजारच्या खुर्चीत भिंग मान खाली घालून बसून राहिली.

तपासणीत स्टिरॉइड निघालं. डबी काउंटरवरून उतरली. हॉटेलवाल्यांनी धाकटीला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत फोन घ्यायला बसवलं. लेक गालाला गाल लावायला आली की ती मान मागे घेते, मग पोर रडते. भिंगचं भिंग खणात पडलं. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर ती म्हणते, “लिहिलंय ते वाचा.”

परवा धाकटी डॉक्टरांनी दिलेली नवी ट्यूब घेऊन आली. “ताई, बघ ना जरा.”

भिंगने खणातून भिंग काढलं. दोनदा वाचलं, आणि मग तिला राहवेना.

“अगं, मागच्या वेळीही मी वाचलंच होतं. डाग इतक्या लवकर गेले तेव्हाच शंका आली होती मला. बोलले नाही. माझं बरोबर ठरलं होतं ना, म्हणून बोलले नाही.”

धाकटीने तिच्या हातातून ट्यूब घेतली.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “तेव्हा तुझं तोंडच सांगत होतं. पण ताई, दुसऱ्या कुणाला विचारू मी?”

तिने ट्यूबचं टोपण उघडून ती परत ताईच्या हातात दिली आणि डोळे मिटून चेहरा पुढे केला.