प्रतिष्ठित व्यक्तीची सही

“कागद तिथेच ठेव, पायरीवर. हातात नको देऊस,” तो म्हणाला. झोपाळ्यावरून उठलासुद्धा नाही.

कागद म्हणजे माझा सीव्ही. मुलीने पनवेलहून टाईप करून पाठवलेला, मी नाक्यावरच्या दुकानातून छापून आणलेला. लसीकरण, बाळंतपणं, होडीतून खाडीपलीकडे नेलेली औषधं, सगळं दीड पानात बसलं होतं. मी साठीची. आरोग्य सेविका म्हणून उभी हयात सरकारी उपकेंद्रात काढलेली. तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. मी त्याला अहो म्हणत होते आणि तो मला अगं.

ठेवला कागद. पायरीवर. उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला.

मुरुडजवळ नवा खासगी दवाखाना झालाय. तिथे सकाळपुरती नर्स हवी होती. पेन्शन येते मला, पोटाचा प्रश्न नाही. पण नवरा गेल्यापासून घर खायला उठतं, आणि कुणी ‘सिस्टर’ म्हणत नाही. ज्याला हे क्षुल्लक वाटेल त्याला वाटो. बौद्धवस्तीत जन्मलेल्या बाईला या गावात कसकशा हाका मारतात ते मी ऐकलंय. सिस्टर ही एकच हाक अशी होती की जिच्यात माझी वस्ती नव्हती. ती मला परत हवी होती.

दवाखान्यातला क्लार्क म्हणाला, “सीव्हीखाली गावातल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीची सही आणा. ओळखतो म्हणून. भाऊंची आणलीत तर काम झालंच समजा.”

भाऊ म्हणजे हा झोपाळ्यावरचा. नारळी-पोफळीची मोठी वाडी त्याची. दवाखान्याची जागाही त्याचीच.

ती पायरी मला नवी नव्हती. नर्सिंगला नाव घालायचं होतं तेव्हा चारित्र्याचा दाखला लागला. आय मला घेऊन इथेच आली होती. झोपाळ्यावर तेव्हा याचा बाप. शेजारी त्याची बायको, हातात अडकित्ता. ती आयला म्हणाली, “वाडीत सुपारी पडलीय. तेवढी वेचून घे, मग बघतील.”

आय वाकली ती दुपार टळेपर्यंत वाकलेलीच. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं. मी पायरीखाली बसून होते. एकदा म्हटलं, “आय, चल ना घरी.” ती म्हणाली, “कागद व्हतोय ना तुजा? मंग गप बस.”

उन्हं कलल्यावर बापाने विचारलं, “पोरीचं नाव काय लिहू?” आणि मग लिहिलं, की ही मुलगी माझ्या चांगल्या माहितीची असून तिची वर्तणूक उत्तम आहे. कागद वरून टाकला. खाली ताजं सारवलेलं अंगण. आयने उचलला, पदराने पुसला. शेणाचा डाग राहिलाच. घरी जाताना आय वाटभर हसत होती. त्या हसण्याने मला आजही भडभडून येतं.

आणि आता मी. तीच पायरी.

त्याने कागद वाचला नाही. म्हणाला, “सही करतो गं. पण आमची आई अंथरुणाला खिळलीय, आणि सांभाळणारी बाई आली नाही. तू तेच केलंयस ना आयुष्यभर? जरा पुसूनबिसून घे तिला. मागच्या दाराने जा.”

मागच्या दाराने.

गेले मी. सही हवी होती म्हणून गेले. खोटं कशाला सांगू.

अडकित्तावाल्या त्या बाईचा नुसता सापळा उरला होता. खोलीत लघवीचा वास. मी पाणी कोमट केलं, तिला कुशीवर वळवलं. पाठीला जखम झाली होती. जिने माझ्या आयला कधी भांड्याने पाणी दिलं नाही, तिची उघडी पाठ माझ्या हातात होती. राग नाही आला. पेशंट होती ती.

मग तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “आलीस? वेचून झाली का गं सुपारी?”

माझा हात थांबला.

तोंडवळा माझा आयचाच आहे, सगळे म्हणतात. पण नुसता तोंडवळा नव्हता तो. एका सहीसाठी मीही वाकले होते. म्हातारीने बरोबर ओळखलं. आय वाकली ती मला वाकावं लागू नये म्हणून, आणि तिचं ते वाकणं मी फुकट घालवत होते.  

“झाली,” मी म्हटलं. “आता परत नाही वेचणार.”

अर्धवट सोडणं माझ्या हाताला जमत नाही. अंग कोरडं केलं, धुतलेली चादर घातली. मग माजघरातून चालत गेले, ओटीवरून, पुढच्या दाराने बाहेर.

तो ताडकन उठला. “अगं, इकडून कुठे?” सही केलेला कागद त्याच्या हातात होता.

“आईंच्या पाठीला जखम झालीय. डॉक्टरांना दाखवा,” मी म्हटलं. “कागद राहू दे.”

“सही केलीय ना!”

“म्हणूनच राहू दे.”

घरी येऊन खूप रडले. मग मुलीला फोन केला. म्हटलं, सहीची जागा काढून टाक. तिथे लिही, मला ओळखणारी प्रतिष्ठित व्यक्ती. पुढे माझ्या आयचं नाव घाल. व्यवसाय मजुरी. मयत. पोरीने लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मग म्हणाली, “पाठवते.”

क्लार्कने वाचलं. “मॅडम, मेलेल्या माणसाचं नाव चालत नाय. आणि प्रतिष्ठित व्यक्ती लिहायची होती.”

“तीच लिहिलीय.”

त्याने कागद परत सरकवला. काम गेलं. अजून सकाळी लवकर जाग येते. साडी नेसून तयार होते आणि मग आठवतं, जायचं कुठेच नाही. तेव्हा जीव तुटतो. नाही कशाला म्हणू?

पण सीव्हीच्या प्रती काढून आणल्यात. रेवदंड्याला देईन, अलिबागला देईन. एसटी सगळीकडे जाते. प्रत्येक प्रतीवर आयचंच नाव असेल. माझ्या वर्तणुकीचा दाखला आता त्या झोपाळ्यावरून यायचा नाही.