वरच्या काकांच्या पायावरचे उपाय

पायाच्या जखमेवर अख्ख्या जयपुरात जेवढे म्हणून उपाय असतील, तेवढे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना तोंडपाठ आहेत, आणि त्यातला एकही त्यांनी स्वतः करून पाहिलेला नाही. काका मूळचे नागपूरचे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. काकू गेल्यापासून प्रताप नगरातल्या आमच्या घरात वर एकटेच राहतात. मधुमेहाने पायातली जाणीव गेलेली, त्यामुळे अंगठ्याखाली जखम होऊन चिघळली तरी त्यांना दुखेना. दुसऱ्या कोणी अंथरूण धरलं असतं. काका पट्टी बांधून कॉलनीच्या दौऱ्यावर निघाले. दूधवाल्याने कडुनिंब सांगितला, इस्त्रीवाल्याने मध, समोरच्या आंटींनी चाकसूच्या शीतलामातेचा नवस. काका मान डोलावत ऐकायचे आणि 'मतलब, जेवणाआधी की नंतर?' असली शंका काढून मुक्काम वाढवायचे. भाजीवालीला तर त्यांनी इतकं खोलात जाऊन विचारलं, की तिची कोथिंबीर माना टाकून बसली.

डॉक्टरबाईंचा उपाय मात्र त्यांना मुळीच पटला नाही. बाईंनी जखमेवरची मेलेली कातडी काढली, औषधं दिली आणि बजावलं, की पायावर भार पडता कामा नये; प्लास्टर घालून घरी बसा, नाहीतर पाय कापायची वेळ येईल. काकांनी साफ नकार दिला. घरी येताना मी रिक्षात त्यांच्याशी कडाकडा भांडलो. शेवटी ते म्हणाले, "आपण 'कैसे हो' म्हटलं न जी, तर लोक 'बढिया' म्हणून चालू पडतात. उपाय विचारला की थांबतात."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना खाली माझ्या पुढच्या खोलीत हलवलं, फाटकाशी त्यांची आरामखुर्ची मांडली आणि दवंडी पिटल्यासारखं सगळीकडे सांगून आलो, की यापुढे उपाय घरपोच आणून द्यावेत. तेव्हा कुठे काकांनी प्लास्टर घालून घेतलं. काय दरबार भरायचा! मधवाले आणि कडुनिंबवाले एकमेकांवर धावून जायचे, आणि काका पाय लांब करून न्यायनिवाडा करायचे.

जखम भरली. मऊ तळाचे बूट मिळाले. सगळ्यांनी अभिनंदन केलं, आपापल्या उपायाला श्रेय दिलं आणि येणं थांबवलं. काका वर राहायला गेले. खुर्ची फाटकाशीच राहिली.

परवा संध्याकाळी ते दारात उभे. हात डाव्या गुडघ्यावर.

"गुडघ्यावर काही आहे का जी तुमच्याकडे?"

मी चहा टाकून आलो, तोवर हात उजव्या गुडघ्यावर गेला होता. मी फाटकाशी जाऊन खुर्ची आत आणली.

"बसा काका," मी म्हटलं. "सांगायला वेळ लागेल."