हरण्यासाठी शीळ

छातीच्या ओपीडीत किस्से कफासारखे साठतात. वेळच्या वेळी मोकळे केले नाहीत, तर जीव घुसमटतो! मी परभणीतल्या अशाच एका ओपीडीची लॅब टेक्निशियन. मायक्रोबायॉलॉजी शिकताना संशोधनाची स्वप्नं पाहिली होती; वाट्याला आल्या थुंकीच्या स्लाइड्स. आणि पिंगळीचे दिगंबरमामा!

*

मामा पहिल्यांदा आले ते धापा टाकतच. कडब्याच्या धुळीची ॲलर्जी. डॉक्टरांनी बजावलं, "गोठ्यात पाय ठेवायचा नाही."

"अन् हरण्याला कोण सांगावं?"

हरण्या म्हणजे त्यांचा बैल. मामांची शीळ ऐकल्याशिवाय वैरणीला तोंड लावायचा नाही. आता लांबून शीळ घालावी, तर दम पुरेना.

*

मी मामांना त्यांचीच स्लाइड दाखवली. गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी. "या इओसिनोफिल, मामा. जंतांशी लढायला शरीरानं ठेवलेल्या. पण तुमच्याकडं साध्या धुळीवरच तुटून पडतात. मग श्वासनळी सुजते."

मामा बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होते. "म्हंजे राखणीचं कुत्रंच घरच्याला चावायलंय की!"

तीन वर्षं कॉलेजात घासली, इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं!

"मग मारून टाकायच्या का?"

"नाही, शांत करायच्या. डॉक्टरांनी दिलेला हा श्वासाचा पंप रोज घ्या."

*

महिन्यानं तपासलं. फरक शून्य! मी चिडलेच. "पंप घेता तरी का?"

"दोन टायम, ताई!"

"घेऊन दाखवा."

मामा दारात गेले. वारं कुठून येतंय ते पाहिलं, वाऱ्याकडं पाठ केली, नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधला आणि फुस्स!

"मामा, तोंड बांधून?"

"कपाशीवर फवारतानी तुमी दवाखान्यावालेच सांगताव ना, तोंड बांधा म्हणून!"

*

नीट शिकवल्यावर फुंकायच्या मीटरचा काटा हळूहळू वर सरकायला लागला. दर वेळी मामांचा एकच प्रश्न, "एवढ्यानं शीळ निघंल का?"

एकदा मामी सोबत आल्या. "गोठ्यात जात न्हाईत, पर दिवसभर खिडकीतून बैलाकडं बघतेत. माझ्याकडं कवा असं बघितलं न्हाई!"

मी हसले. पण नजर हातातल्या मोबाइलवरच होती. मैत्रिणीनं फोटो पाठवला होता, पुण्यातल्या तिच्या संशोधनाच्या लॅबमधल्या नव्या मशिनचा. मामांनी तो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"तुमीबी खिडकीतच का, ताई?"

*

परवा मामा एकटेच आले. मीटरवर फुंकलं, काटा पाहिला आणि मामींना फोन लावला.

"स्पीकर चालू कर. हरण्याच्या कानापाशी धर."

ओपीडीतली खोकणारी माणसंसुद्धा माना वळवून बघायला लागली. मामांनी ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसतीच हवा. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मात्र लांब, खणखणीत शीळ!

पलीकडं सामसूम. मग एकदम घुंगरमाळ खळाळली आणि मामी ओरडल्या, "पुन्हा घालू नका हो! दावं तोडायलाय त्यो!"

मामांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा घातली.