चुलीतून काढलेली चकती

'तेव्हा तसं चालायचंच' असं कुणी म्हणालं की अजून माझं डोकं फिरतं. काय चालायचं? आणि कुणाचं?

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझा दादा मुंबईच्या प्रयोगशाळेत शिकत होता. औरंगाबादेत एका यंत्रावर त्याची पाळी होती, त्याआधी दोन दिवस मिळाले म्हणून केदारखेड्याला घरी आला. खिशात कापसात गुंडाळलेली चकती, रुपयाएवढी. चिनीमातीसारखी दिसणारी, पण दगडाहून टणक. अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी. माझी शाळा लवकर सुटली, पण विचारायची खोड काही सुटली नव्हती.

"हा डाग कशाचा रे?"

"पेरलेल्या ओळीत गुरं घुसली की कसं होतं? तसं आतल्या अणूंचं केलंय, दुसरे अणू जोरात मारून. डाग म्हणजे ती मोडतोड."

"आन् मंग?"

"मंग भट्टीत जरा जरा तापवायचं. तापले की अणू परत ओळीत बसतात. किती तापल्यावर, तेच मोजायचंय. आन् दुसरी चकती न्हाई माझ्याकडं."

त्याच दुपारी वरच्या आळीतल्या काकूंनी आम्हाला कौतुकानं चहाला बोलावलं. हो, कौतुकानंच! चहा मात्र ओसरीवर, आमच्यासाठी कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपांत. चकती बघून म्हणाल्या, "आमच्या मालकांना दाखवते, सकाळी ने." दादा भोळा, ठेवून आला.

सकाळी मी आणायला गेले. चकती सगळीच पांढरी.

"काकू, डाग कुठं गेला?"

"गेला ना! घरात ठेवायची, आन् तुमच्या हातची. मंग चुलीत टाकून काढली. रातभर गोवऱ्यांच्या आरात होती. बघ कशी उजळली!"

आमचा हात लागलेलं पितळेचं भांडंसुद्धा त्या तसंच विस्तवातून काढायच्या. मला ठाऊक होतं ते, तरी अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, तो डाग म्हणजे त्याचा अभ्यास होता!"

"घाण काढून दिली, तर वर तोंड करती!"

दादानं चकती उजेडात धरली. "मोडतोड मोजायच्या आधीच भरून निघाली. किती तापली, ते चुलीला कोण विचारणार?" यंत्रावरची पाळी गेली, वर्ष गेलं. तरी म्हणतो कसा, "जाऊ दे, त्यांना काय माहीत!"

मी त्याच्यावरही चिडले. अणूंचं माहीत नव्हतं, कबूल. आपण माणसं आहोत, हे तर बराबर माहीत होतं ना?

पुढल्या वर्षी तो नवी चकती घेऊन आला. ती मी माझ्या पदरात बांधली आणि त्याच्यासोबत औरंगाबादला निघाले. एस्टीच्या थांब्यावर काकू भेटल्या.

"बघू गं, औंदाची कशी हाये?" त्यांनी हात पुढं केला.

मी गाठ आवळली. "नको काकू. तुमचा हात लागंल."

दादानं दचकून माझ्याकडं पाहिलं. एस्टी आली. मी आधी चढले.