पोटरीतली ताटं

समजा, ज्वारीच्या रानात तुम्ही उभे आहात आणि रोगट ताटं तेवढी उपटायची आहेत. सकाळचं ऊन तिरपं असताना सूर्याकडं तोंड करून ओळीतनं चालायचं, म्हणजे पान उजेडासमोर येतं आणि आतलं दिसतं. निरोगी पान सगळीकडं सारखं हिरवं असतं. रोगट पानात शिरांच्या कडेनं फिकट, पिवळसर रेघा असतात, ओल्या रंगावरनं कुणी केरसुणी ओढावी तशा. थंडी वाढली की त्याच रेघा तांबूस होतात. असं ताट दिसलं की बुडाशी धरायचं, पीळ द्यायचा आणि मुळासकट ओढायचं. झटकायचं मात्र नाही, कारण पानामागं बसलेला, रस शोषणारा माव्याचा किडा शेजारच्या ताटावर पडतो. गोणपाटात गुंडाळून बांधाबाहेर न्यायचं, खड्ड्यात टाकायचं, वर माती लोटायची.

काम अवघड नाही. पण आता असं समजा, की हातातलं ताट छातीएवढं वाढलेलं आहे. वरच्या पानाच्या आवरणात कणीस दाटलं आहे, बोटांना त्याचा फुगीरपणा लागतो आहे. शेतकरी म्हणतात, पीक पोटरीत आलं. आणि या ज्वारीचं बी तुमच्या रानाशिवाय दुसरीकडं कुठंच नाही.

वडगाव रासाईचे गेणबा इथंच थांबले. पाच वर्षं झाली, अजून ते तिथंच उभे आहेत असं त्यांच्याशी बोलताना वाटतं.

गेणबांचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे. दसरा झाला की घाट उतरून कोकण, उन्हाळा सरता सरता परत भीमेकाठ. गेणबांचीही निम्मी उमर कळपामागं गेली. मग चरायची रानं नांगराखाली आली, वाटेवरच्या गावांतून कटकटी वाढल्या, आणि त्यांनी मेंढरं कमी करत करत नदीपासून जरा वरच्या अंगाला, पंपाचं पाणी चढत नाही अशा रानात मुक्काम धरला. शेती त्यांना बायकोनं शिकवली. सगुणाबाईंचं माहेर नदीपलीकडं दौंड तालुक्यातलं वरवंड, तिथं त्यांच्या घरी दोन पिढ्या शेती होती. हे सांगताना गेणबांना कमीपणा वाटत नाही. मेंढरू मला कळतं आन् रान हिला कळतं, असं ते म्हणतात. एवढंच, की रानाकडं बघतानाही त्यांच्या डोळ्यांपुढं कळप असतो. उन्हानं पीक माना टाकून उभं राहिलं, तर आज रान बसलंय म्हणतात.

बहात्तर साली पाऊस गेला. दिवाळीच्या तोंडावर एक सर झाली, तेवढ्या ओलीवर त्यांनी ज्वारी पेरली. पेरायला दीड महिना उशीर झालेला. अशा पिकाचं पुढं काय होतं ते आम्ही शेतकी शाळेत फळ्यावर शिकलो होतो. थंडीत भरायचे ते दाणे ऐन शिमग्याच्या उन्हात सापडतात. मुळांना पाणी नाही, वरनं झळा. दाण्यात दूध यायच्या आतच पान वाळायला लागतं आणि कणसात नुसती टरफलं राहतात. काळ्या रानाला भेगा पडल्या की त्या मुळंही तोडतात. सगुणाबाईंनी उभ्या पिकात पुन्हा पुन्हा कोळपं घालायला लावलं, वरच्या भुसभुशीत मातीनं भेगा बुजवल्या. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ ही म्हण त्यांनी माहेराहून आणलेली.

तरीही रान गेलं. गेलं नाही ते बांधाच्या कडेचं एक वाकडं पट्टं. सगळं रान चुन्यासारखं पांढरं पडलं असताना तिथली पानं हिरवी राहिली आणि कणसं भरली. माती तीच होती, ओलही तीच. बी कुठून आलं असेल, हे सगुणाबाईंना आठवेना. कोकणातून परतताना कुठल्या तरी गावात बदल्यात घेतलेली ज्वारी त्यात मिसळली असावी, असा गेणबांचा अंदाज.

सगुणाबाईंनी ती कणसं दोरीला ओवून चुलीवरच्या आढ्याला टांगली. धुरात राहिलं की किडा लागत नाही. त्या उन्हाळ्यात दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, तिथं मिळणारी सुकडी खाऊन परत येत होती, आणि रोज संध्याकाळी चूल पेटवताना डोक्यावर ज्वारी लोंबत होती. एकदा गेणबा म्हणाले, दोन कणसं चोळ, आंबील तरी करू. सगुणाबाईंनी जात्यावर पाट उपडा घातला आणि त्यावर बसून राहिल्या.

खडीच्या कामावर त्यांची जाईबाईशी गाठ पडली. जाईबाई गावातल्या बौद्ध वस्तीतली, नवरा नाही, दोन मुली. गायरानाच्या बाजूला तिचा मुरमाड तुकडा होता. बैल तिचे नसल्यानं सगळ्या गावाची पेरणी उरकल्यावर तिला औत मिळायचं. म्हणजे दरवर्षी तिचं पीक उशिराच, आणि दरवर्षी उन्हात सापडायचंच. गावात या बियाची खरी गरज कुणाला असेल तर ती तिला. सगुणाबाईंनी शब्द दिला, वाढलं की पहिली ओंजळ तुझ्या पदरात.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. त्यांनी ते बी एका लहानशा वाफ्यात लावलं, चांगलं आलं. जाईबाईला तेव्हाच थोडं द्यायचं सगुणाबाईंच्या मनात होतं. गेणबा म्हणाले, एक वर्ष थांब, कळप वाढू दे, मग वाटू. सगुणाबाईंनी मग निदान एक दोरीभर कणसं आढ्याला ठेवून दिली होती. चौऱ्याहत्तरच्या पेरणीला गेणबांनी तीही खाली काढली. रानाच्या टोकाला तीन तासं, म्हणजे पेरणीच्या तीन ओळी, मोकळी राहिली होती, ती त्यांना बघवेनात.

“टांगलेलं मेंढरू वितं व्हय?” ते म्हणाले.

“आन् रानातलं लांडग्यानं नेलं तर?” सगुणाबाई म्हणाल्या.

गेणबा हसले. त्या दिवशी त्याही हसल्याचं त्यांना आठवतं.

त्या साली हस्त नक्षत्र कोरडं गेलं आणि पेरणी पुन्हा उशिरा झाली. गेणबांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बियाची परीक्षा होईल म्हणून ते खुशीत होते. मेहुणा पोपट वरवंडहून येऊन पीक बघून गेला, जाताना, निघाल्यावर मला बी द्या म्हणून सांगून गेला. डिसेंबरच्या अखेरीला आजूबाजूची ज्वारी दाण्यात येऊन पिवळी पडायला लागली तेव्हा गेणबांचं रान तेवढं कोवळं, हिरवंगार होतं. दुरून बघणाऱ्याला ते सुंदर दिसे. माव्यालाही तेच सुंदर दिसलं. जून पानातला रस आटला की त्याला पंख फुटतात आणि तो कोवळीक शोधत निघतो.

आधी खालच्या अंगाच्या ओळीत रेघा दिसल्या. गेणबांनी एक पान तोडून शिरूरला नेलं. पंचायत समितीतले हौसराव हे तरुण अधिकारी दुसऱ्या दिवशी सायकल हाणत आले. ते आधी नदीकडच्या उसात शिरले आणि उसाचं एक पान घेऊन बाहेर पडले. त्यावरही तशाच रेघा होत्या. हा विषाणूचा रोग, त्यांनी समजावून सांगितलं. विषाणू इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. उसात तो बारा महिने राहतो. मावा उसाला टोचतो, मग ज्वारीला टोचतो, आणि सोंडेवरनं रोग जातो. लागलेल्या ताटाला औषध नाही. माव्यावर फवारा मारायचा तो मारू, पण फवाऱ्यानं मरायच्या आत तो दहा ताटांना टोचून मोकळा होतो.

“आबा, रेघ दिसली की ताट ठेवायचं नाही,” हौसराव म्हणाले. “मोठं असो, लहान असो. दया करायची ती हिरव्यावर करा.”

गेणबांनी मान डोलावली. त्यांना सगळं पटलं होतं. खुरी लागलेलं मेंढरू कळपापासून तोडायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रानात उतरली, गेणबा, सगुणाबाई आणि जाईबाई. जाईबाई बोलावल्याशिवाय आली होती. खालच्या अंगाची ताटं अजून गुडघ्याच्या वर फारशी गेली नव्हती, ती भराभर निघाली. खड्डा अर्धा भरला. मग तिघं रानाच्या मधल्या भागात आली, जिथली ज्वारी सगळ्यांत जोमदार होती. तिथंही रेघा होत्या, अधनंमधनं. गेणबांनी एका ताटाला हात घातला, बुडाशी नाही, वर. आवरणावरनं बोटं फिरवली आणि हात काढून घेतला.

जाईबाईनं तेच ताट धरलं, तेव्हा ते म्हणाले, राहू दे.

“रेघा हाईत की मामा.”

“पोटरीत हाय ते.”

धनगराच्या घरात गाभण मेंढी कुणी कापत नाही, विकत नाही, आजारी असली तरी पाण्यापासून हुसकत नाही. पिल्लू पडेपर्यंत तिला वेगळं बांधतात, कोवळा पाला आणून घालतात. दुष्काळात गेणबांच्या वडिलांनी सगळे नर विकले होते, पण गाभण मेंढ्या खांद्यावर घेऊन ते पाण्यापर्यंत चालले होते. हे गेणबांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. त्या सकाळी तेच त्यांच्या हातात आलं.

“मामा, ताट हाय ते, मेंढी न्हाई,” जाईबाई म्हणाली.

“पोटातलं भाईर पडू दे. मग आपुनच उपटू.”

जाईबाईनं सगुणाबाईंकडं बघितलं. सगुणाबाई पदरानं तोंड पुसत होत्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी आजवर अनेकदा मोडला होता. त्या दिवशी का मोडला नाही, ते त्यांनाही सांगता येत नाही. वाढलेलं ताट बघून माझंबी मन झालं न्हाई, एवढंच त्या म्हणतात.

“रान तुमचं,” असं म्हणून जाईबाई पुढच्या ओळीत गेली. पोटरीतली रेघाळ ताटं मागं राहिली, हिरव्यांच्या मधोमध. गेणबांनी ओळखायला म्हणून त्यांना चिंध्या बांधल्या. नंतर त्यांना घागरीनं पाणीही घातलं.

आवरणं उघडली तेव्हा जानेवारी निम्मा झाला होता. चिंध्या बांधलेल्या ताटांची कणसं आखूड, वाकडी निघाली, काही तर निम्मीच बाहेर आली आणि तिथंच अडकली. तोवर पानांमागं मावा गर्दीनं बसला होता, ओळीतनं गेलं की अंगाला चिकट रस लागे. आणि जिथं काल काही नव्हतं तिथं आज रेघा दिसत होत्या. गेणबा मग उपटायला लागले. वेड्यासारखं उपटत होते, पोटरीतलं, कणीस बाहेर पडून निसवलेलं, काही न बघता. सगुणाबाईंनी शेवटी त्यांचा हात धरला. उपटत राहिलं तर रानच उरलं नसतं.

राहिलं त्याला शिमग्याचं ऊन लागलं. रोगानं अर्ध्या झालेल्या पानांनी ते ऊन काय सोसणार? दोन वर्षांपूर्वी याच उन्हात हिरवं राहिलेलं वाण खळ्यावर आलं ते चिपाडांसारखं. जाईबाई खळ्यावर होती. सगुणाबाईंनी झोडलेलं सगळं तिच्या सुपात ओतलं आणि म्हणाल्या, पहिली ओंजळ तुझी. जाईबाईनं सूप डोक्याच्या वर धरून वाऱ्यावर सोडायला सुरुवात केली. भुस्सा उडाला आणि भुश्श्याबरोबर दाणेही उडाले. खाली पडण्याइतकं वजन त्यांच्यात नव्हतं. सुपात चार-दोन राहिले ते तिनं पदराच्या गाठीत बांधले. पुढच्या हंगामात लावले, पण त्यातलं काही उगवलं नाही.

जाईबाई अजून सगुणाबाईंकडं कामाला येते, दोघी अजून एकमेकींचं डोकं विंचरतात. त्या सकाळबद्दल तिनं गेणबांना कधी बोल लावला नाही. गेणबांना तेच जास्त लागतं. तिचा तुकडा यंदाही उशिरा पेरला, यंदाही वाळला. आता ती मुलींना घेऊन ऊसतोडीला जायचं म्हणते.

गेणबा दरवर्षी रानाचं एक पट्टं रिकामं ठेवतात आणि दिवाळी झाल्यावर मुद्दाम उशिरा पेरतात. मिळेल तिथलं बी आणतात, शिरूरच्या बाजारातलं, वरवंडचं, कोकणाच्या वाटेवरच्या जुन्या ओळखीतलं. शिमग्यात रोज जाऊन बघतात, एखादं ताट हिरवं आहे का. सगुणाबाई आढ्याची दोरी काढत नाहीत. तिच्यावर साध्या ज्वारीची कणसं असतात.

यंदा मातीचे नमुने घ्यायला मी त्यांच्या रानात गेलो, तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं, बांधावर बसून, वाळलेलं पान बोटांत कुरतडत. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. रेघ दिसते ती उशिरा, त्याआधी आठ-पंधरा दिवस रोग आत शिरलेला असतो. हिरव्या दिसणाऱ्या ताटांतही तो तेव्हा असेल. बाकीचा मावा उसातून परस्पर येतच असेल. आणि चिंध्या बांधलेल्या ताटांवरनंही तो गेला असणार. किती इकडून आणि किती तिकडून, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग मधल्या भागाकडं, जिथं आता नुसती धसकटं होती, तिकडं बघत म्हणाले, “तुमी शिकल्यालं मानूस, म्हणून इचारतो. ती पोटरीतली ताटं मी तवाच उपटली असती, तर बाकीचं रान वाचलं असतं, का त्यो मावा त्याच्या आधीच उडाला हुता?”