चँपियन मुलींच्या हातात ताट

कॉलेजच्या फुटबॉलचा गौरव सोहळा आहे, तुमच्या संघाचा स्टेजवर सत्कार करायचाय, असा फोन आला म्हणून मी खराडीतल्या ऑफिसातून हाफ डे टाकला. हडपसरला आमच्या कॅप्टनला गाडीवर घेतलं. ती आता एका शाळेत पीटी शिकवते.

सोलापूर रस्त्यावरच्या त्या कॉलेजात मुलींचा पहिला फुटबॉल संघ आमचा. संघ म्हणजे काय, थोड्या कबड्डीवाल्या, थोड्या धावणाऱ्या, आणि माझ्यासारख्या, ज्यांना कुठल्याच खेळात कोणी घेतलं नव्हतं. मैदानावरचे दगड वेचून झाले की सराव. शेवटच्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकलो. कॉलेजचा फुटबॉलमधला तो पहिला करंडक. मुलांचा संघ तोवर दुसऱ्या फेरीपुढे गेला नव्हता.

गेटवर एका प्राध्यापिकाबाईंनी हसून आम्हाला बाजूला घेतलं आणि हातात ताटं दिली. निरांजन, कुंकू, सुपारी.

"संस्थेचे अध्यक्षसाहेब येतायत. औक्षण तुम्हीच करा. चँपियन मुलींच्या हातून किती छान दिसेल!"

आमच्या बाकीच्या जणी आधीच ताटं धरून उभ्या होत्या, चेहरे पडलेले. कॅप्टनने ताट टेबलावर ठेवलं.

"मॅडम, मी फुलबॅक होते. याची प्रॅक्टिस नाही."

मीही ठेवलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. पडद्यावर कॉलेजच्या फुटबॉलचा इतिहास सुरू झाला. मुलांचे संघ, चेंडूला लाथ मारणारे अध्यक्ष, अध्यक्षांच्या हातात आमचा करंडक. आम्ही कुठेच नव्हतो. मग ते स्वतः बोलायला उठले. "मुलींना मैदानावर आणणारा या भागातला पहिला माणूस मी!"

याच माणसाने आम्हाला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, चांगल्या घरच्या मुली उघड्या मांड्यांनी पळतात का? फायनल आम्ही भर उन्हात जाड ट्रॅकपँट घालून खेळलो. घामाने ती गुडघ्याला चिकटायची.

कॅप्टन उभी राहिली. "अहो साहेब, आमच्या हाफ पँटवर बंदी कोणी घातली होती?"

सगळ्या माना मागे वळल्या. अध्यक्षांचं हसू जराही हललं नाही. "बघा! आमच्या मुली किती धीट झाल्यात!" म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची किळस मला अजून आहे.

आम्ही उठून बाहेर आलो. मैदान होतं तिथे आता लग्नाचं लॉन्स आहे. आत्ताच्या संघाची गोलकीपर आमच्या मागोमाग आली.

"मग तुम्ही सराव कुठे करता गं?" मी विचारलं.

"हडपसरला भाड्याच्या टर्फवर, मॅडम. वर्गणी काढतो. यंदा फायनलला पोचलोय, रविवारी मॅच आहे."

रविवारी मी आणि कॅप्टन गेलो. पोरी जिवाच्या आकांताने खेळल्या आणि पेनल्टीवर हरल्या. गोलकीपर मैदानातच बसून रडत होती, कॅप्टन तिच्याशेजारी जाऊन बसली. कॉलेजकडून एकटा फोटोग्राफर आला होता. निकाल लागल्यावर त्याने कुणाला तरी फोन केला, "हो साहेब, हरल्या," म्हणाला, आणि एकही फोटो न काढता कॅमेरा बॅगेत घालून निघून गेला.